घडीवरचं गाव

शाळेतल्या नकाशाची घडी
नेमकी आमच्या गावावर पडते.
दर वर्षी देओलिंदाबाई शाईनं ठिपका देतात,
दर वर्षी तो झिजतो.
भोवतीचा समुद्र पक्का, छापील आहे.

गाव कसं वसलं? म्हणे,
लिस्बनच्या एका गलबतानं पाण्यासाठी नांगर टाकला
आणि जाताना अकरा माणसं, एक शेळी
आणि बेडीतला एक चोर इथंच ठेवून गेलं.
आज ज्याला विचाराल तो शेळीवाल्याच्या वंशातला.
चोराला मूलबाळ झालंच नाही.

काळ्या दगडाचा धक्का, अठरा पायऱ्या,
त्यातल्या सात भरतीच्या.
एक चर्च, दोन गुत्ते
आणि अबोला धरलेली तीन घराणी;
सोयरिकी शेवटी आपसातच,
कारण जहाज पंधरवड्यानं येतं,
तेही वाऱ्याच्या मर्जीनं.

कड्यावर पांढरी खोली, भिंतीत वीतभर फट.
तिच्यातून एर्मिनियो पाणी बघायचा.
देवमाशाचा फवारा दिसला की बाण उडवायचा,
मग भट्टीतला पाव भट्टीत,
खांद्यावरचं मयत रस्त्याच्या कडेला,
माणसं होड्यांकडे धावत सुटायची.
एकदा तर वेदीसमोरून नवरदेव पळाला.
फ्लोरिपेस जाळीचा पदर मुठीत धरून
दिवेलागणीपर्यंत बाकावर बसली.
तो आला, ओलाचिंब, हसत.
पाद्रीबाबांनी राहिलेल्या ओळीपासून सुरू केलं.
भावाची होडी आली नाही, हे तिला
ती ‘हो’ म्हणाल्यावर सांगितलं.

पुढं घरं बोस्टनला जायला लागली.
प्रत्येकानं किल्ली तिच्याकडे दिली,
‘दोनच वर्षं’ म्हणून.
एकवीस किल्ल्या आहेत. रविवारी ती दारं उघडते,
वारा आत सोडते, पुन्हा लावते.
एका घरात अजून ताटं मांडलेली आहेत.

शिकार कायद्यानं बंद झाली.
एर्मिनियो एक्याऐंशीचा, त्याच फटीशी बसतो,
कॅमेरेवाल्यांच्या बोटींना रेडिओवर सांगतो:
ईशान्येला, दोन माद्या, एक पिल्लू.
पिल्लू हा शब्द
पूर्वी त्याच्या तोंडी नव्हता.

परवा जहाज आलं, धक्क्याला न लागताच फिरलं.
डेकवरून कुणीतरी हात हलवला,
आम्हीही सगळ्यांनी हलवला.
त्यात गॅसचे सिलिंडर होते, मीठ होतं,
शाळेचा नवा नकाशा होता म्हणे,
घडीचा नाही, गुंडाळीचा.

देओलिंदाबाईंनी दौत कानाशी हलवून पाहिली.