वहीची मागची पानं

पहिली वेळ पहाटे पावणेचारची.
स्वयंपाकघरात फरशीवर नखं वाजली,
कुणी वाटाणे सांडावेत तशी.
ब्रीना कुशीवर पडलेली.
चारी पाय धावत होते
आणि ती कुठेच जात नव्हती.

मी काय केलं, सांगायला लाज वाटते.
जीभ गिळेल म्हणून तोंडात बोटं घातली.
अंगठ्याच्या बुडाशी वण आहे अजून.

फाएन्झाची डॉक्टरीण मोजकं बोलते.
कुत्रं जीभ गिळत नाही, एवारिस्तो.
तोंडाजवळ हात न्यायचा नाही.
खुर्च्या सरकवा, दिवा मालवा,
आणि घड्याळ बघा.
पाच मिनिटांच्या वर गेलं तर मला उठवा,
कितीही वाजलेले असोत.

घड्याळ बघा म्हणे.
लग्नातल्या घड्याळाला सेकंदकाटाच नव्हता.
बाजारातून नऊ युरोंचं नवं आणलं.
ते टिकटिकतं फार.

झटका ओसरला की ती उठते,
दाराऐवजी भिंतीत शिरायला बघते.
मातीत वीतभर खाली दडलेलं
अक्रोडाएवढं ट्रफल जे नाक सोडत नाही
ते माझ्या पायजम्यापाशी अडखळतं:
हा कोण?
मी नुसता बसून राहतो. हाक मारत नाही.
वीसेक मिनिटांनी तिला मी आठवतो,
आणि लगेच भूक.

गोळी सकाळी सातला, संध्याकाळी सातला.
चुकवायची नाही. बरं वाटतंय म्हणून
आपल्या मनानं बंद तर मुळीच करायची नाही.
चीजमध्ये लपवली:
चीज गेलं, गोळी फरशीवर, चाटूनपुसून स्वच्छ.
सॉसेजमध्ये लपवली: तेच.
चाळीस वर्षं मी कुत्र्यांना
लपलेलं हुडकायला शिकवलं,
आता भोगा.
शेवटी उघड्या तळहातावर धरली.
तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग घेतली.

प्रत्येक झटका लिहून ठेवा, डॉक्टरीण म्हणाली.
घरात वही एकच.
पुढून तिच्यात माझी झाडं आहेत:
कुठला ओक, कुठल्या चंद्राला, किती ग्रॅम.
भाऊ शेवटच्या आजारात मागत होता,
त्यालाही दाखवली नाही.
मी ती उलटी धरली आणि मागून सुरुवात केली.
तारीख. वेळ. नव्वद सेकंद.
आदल्या दिवशी पाहुणे, गोंगाट.
पुन्हा तारीख. सत्तर.

मार्चमध्ये रक्त तपासायला गेलो.
यकृत ठीक आहे, म्हणाली,
आणि वहीसाठी हात पुढे केला.

माझा खिसा जरा वेळ गप्प राहिला.
मग दिली.

ती चष्मा लावून मागून वाचत गेली.
मधे एक पान आपसूक उलटलं:
गिरणीमागचं हेझल, दोनशे दहा ग्रॅम.
तिनं ते पुन्हा मागे वळवलं, न थांबता.
महिन्यात एकच, एवारिस्तो. चांगलं आहे.

टेबलावर ब्रीना
तिच्या खिशातल्या बिस्किटाचा माग काढत होती.
पुढची पानं मागच्या पानांकडे सरकताहेत.
मधे किती कोरी उरली
ते मी मोजलेलं नाही.