चार बोटं पाणी

खोक्यातून तू तो काढलास, हेर्नान,
तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढा, लालभडक,
अर्ध्या महिन्याची कमाई, पावतीसकट.
म्हणालास, नील्दा, आता बघ कशी पळते.
मी हात पुसत राहिले.

एल आल्तोत हवा मुळातच पातळ.
समुद्रकाठी दहा घास मिळतात,
इथे जेमतेम सहा.
आपण इथलेच, छातीचे भाते घेऊनच जन्मलो.
तुझी स्टारलेट जपानची, बंदराच्या वाऱ्यावर वाढलेली.
तिचा कॅम बदललास, हेड घासून घेतलंस,
एक्झॉस्ट रुंद केलास, सगळं मान्य.
पण आडातच नाही,
तर पोहरा मोठा करून काय येणार वर?

तरी मोजू म्हटलं.
नुसतं मत ठेवणं या धंद्यात परवडत नाही.
एक पारदर्शक नळी, वाकवून पट्टीला बांधलेली,
आत पाणी, पाण्यात बीटचा रस, नीट दिसावा म्हणून.
एक टोक फिल्टरच्या मागे, एक मोकळं.
इंजिनला हवा ओढताना जेवढा त्रास,
तेवढं पाणी एका अंगाला चढणार.

ला कुंब्रेचा चढ.
तू चाकावर, मी शेजारी, पट्टी मांडीत.
तिसरा गिअर, पाय तळापर्यंत,
काटा साडेसहा हजारांवर.
जुना फिल्टर: चार बोटं.
थांबून बदलला, पुन्हा खालून वर.
नवा: दोन.

तू हॉर्न वाजवलास. लामांचा कळप बिथरला.
अरे, डोक्यावरची सगळी हवा
इथे सहा मीटर पाणी तोलून धरते,
त्यातली दोन बोटं तू वाचवलीस.
एवढं तर मेव्हण्याला
मागच्या सीटवरून उतरवूनही मिळालं असतं.
(तो काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही.)

परत आलो तर बाबा गॅरेजच्या दारात, उन्हाच्या पट्ट्यात,
ओरुरोच्या कथिलाच्या खाणीतली तेवीस वर्षं
अजून छातीत घेऊन.
गाडी उभ्याउभ्या दोनदा रेटायला लावली,
मान कलती करून ऐकलं.
तोंड मोठं केलंत, म्हणाले,
घशात कुणी डोकावलं का?

मग नळीचं टोक पुढे सरकवलं, थ्रॉटलच्या ओठापाशी,
आणि पुन्हा चढाला लागलो.
पाणी पट्टीच्या वर गेलं,
थांबलंच नाही,
बीटचा सगळा रस इंजिन पिऊन मोकळं.
मधला रबरी कोपरा, तेलाने मऊ पडलेला,
प्रत्येक ओढीला आत मिटत होता.

त्या जागी भंगारातल्या बसच्या दांडीचा तुकडा बसवला.
चढावर अकरा सेकंद कमी.
लाल फिल्टर लावून अकरा,
जुना परत लावून
तेवढेच.

तू खूश होतास की हिरमुसलास, कळलं नाही.
दोन्हीही असशील.

बाबा रात्री बसूनच झोपतात, तीन उशा पाठीशी.
खाणीत त्यांना फिल्टर दिलाच नव्हता,
लहान की मोठा
हा प्रश्नच कधी आला नाही.
त्यांची धाप ऐकत मी नळी धुते,
नवं पाणी भरते, बीट किसते.

तुझा खोका फळीवर आहे.
दुकानदार परत घेतो का बघ,
पावती जपून ठेव.