डावं वळण

डावीकडे पुरतं वळवलं
की टायर पाट्याला घासायचा.
करकर, आणि जळक्या रबराचा वास.
स्टेनग्रीमुरनं एकोणीस हिवाळे चालवलेला उपाय:
डावीकडे वळायचंच नाही.
अंगणातल्या बर्फात
सगळ्या चाकोऱ्या उजव्या.

आज मी त्याचा ट्रक जॅकवर घेतला.
स्टिअरिंगचा दांडा हलवला, तर बॉल जॉइंट
दुधाच्या दातासारखा डुलला.
नवा बसवला. चाकाआड दीड इंचाचा स्पेसर.
मग टायर मडगार्डला भिडला,
म्हणून मडगार्डचा ओठ ग्राइंडरनं उडवला.
म्हातारा दारात, कॉफी धरून:
"चाललं होतं की."

संध्याकाळी डावीकडे वळले.
काही घासलं नाही.
हेडलाइटमध्ये मेंढवाड्याची मागची भिंत आली,
त्या बाजूनं कधी रंगवलीच नव्हती.

"तिकडून कोण येणार होतं?"
म्हणाला तो.