दुसरा फळा

शंभरीच्या समितीने सांगितलं : आलोइस, शाळेचा इतिहास तू लिही,
दोन पानं पुरेत.
माझ्याकडे तारखा नाहीत.
तारखा फादर क्निपेलच्या वहीत होत्या, आणि ती वही
तळघरात नदी शिरली त्या वसंतात
पावासारखी फुगली.

माझ्याकडे बॉयलर आहे, शिडी, चौतीस किल्ल्या,
आणि आजोबांनी वडिलांना, वडिलांनी मला
हातात पाना असताना सांगितलेलं, तेवढंच.

तर आधी उत्तर डकोटाचा वारा होता.
मग तेवीस घरं, रशियातून आलेली, बोलणं जर्मन,
आणि चर्चच्या तळघरात एका फळ्यापुढे अकरा मुलं.
सिस्टर ओट्टिलिया आणि सिस्टर वालबुर्गा
जानेवारीत मालगाडीतून उतरल्या.
शाई गोठली होती. दौती स्टोव्हवर ठेवून
पहिला धडा सुरू व्हायला साडेदहा वाजले.

पाच वर्षांनी लढाई लागली, आणि एका सकाळी
शाळेचं दार पिवळं होतं.
जर्मन बोलणाऱ्यांच्या दाराला रात्री कोणी रंग फासला
ते गावाला कळलं नाही.
आजोबांना कळलं. ब्रश गवतात पडला होता,
त्यांनीच आदल्या आठवड्यात उसना दिलेला.
नाव त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही,
फक्त पुन्हा कुणाला ब्रश दिला नाही.

सिस्टर वालबुर्गा घासत बसली, नखं पिवळी होईस्तोवर.
ओट्टिलिया म्हणाली, राहू दे.
मागनुस, दार उतरव. रंधा मार. काळा रंग दे.
त्या हिवाळ्यात दाराच्या जागी घोंगडी लटकली
आणि शाळेला दुसरा फळा मिळाला.
वाढ म्हणायची तर ही पहिली.

त्या फळ्यावर ती इंग्रजी शिकवी,
स्वतः आदल्या रात्री शिकलेली,
मुलांच्या एकच पान पुढे.
एक पोरगा दोन पानं पुढे गेला. तिने त्याला कोपऱ्यात उभं केलं,
आणि संध्याकाळी बर्फातून त्याच्या घरी जाऊन विचारलं :
'थ' म्हणताना जीभ नेमकी कुठे ठेवतोस?

धुळीच्या वर्षांत खिडक्यांवर ओल्या चादरी.
फी म्हणून अंडी, कोळसा,
एकदा एक वासरू,
शनिवारपर्यंत पाचवीच्या वर्गात बांधलेलं.

मग विटा आल्या. दोन मजले, घंटा, बावन्न मुलांचा एकेक वर्ग.
वडील म्हणायचे, टाचणी पडली
तर सिस्टर तिलाही उभं करी.
किल्ल्या तेव्हा चाळीस होत्या.

नंतरचं मी पाहिलेलं आहे.
सिस्टर म्हाताऱ्या झाल्या, एकीने लग्न केलं.
शेवटची, लिओबा, एका पिशवीनिशी निघाली,
आणि सवयीने जिन्यातला दिवा मालवून गेली.
मी अजून जिन्यात होतो.

वरचा मजला एकोणीस वर्षं बंद.
मग मांसाच्या कारखान्यात काँगोची माणसं आली,
रविवारच्या मिस्सेला मागच्या बाकांवर बसू लागली,
त्यांच्या मुलांचं काय करायचं यावर
धर्मग्रामाची बैठक बसली. पावणेदोन तास.
कुणी म्हणालं, त्यांची भाषाच वेगळी.
ज्याने म्हटलं त्याच्या आजोबांची भाषा कोणती होती
ते मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.
उठून वर गेलो आणि रेडिएटरच्या चाव्या सोडल्या.
ते तापायला वेळ लागतो,
ठराव होईतो वाट पाहून चालत नाही.

बर्फ वितळतं तेव्हा भिंती दमट होतात
आणि दुसऱ्या फळ्याच्या कडेने अजूनही
पिवळं वर येतं. मी दर उन्हाळ्यात रंगवतो.
यंदा मार्चमध्ये फुराहा, तिसरीतली,
खडू हातात घेऊन थांबली :
याला घाम का येतो?
म्हटलं, तो फळा नव्हे गं. दार आहे ते.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे,
आणि खांदा लावून
ढकलून बघितलं.