सतरा टॅब

दुसरी पाळी सुटते साडेअकराला.
उद्यमबागेतून अनगोळ, सायकलनं पंधरा मिनिटं.
हात धुऊनही कूलंटचा वास राहतो बोटांना,
त्याच बोटांनी मी कॉम्प्युटर चालू करतो.

तो विचारतो,
मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं.
पानं परत उघडू का?

सतरा होती, काल हेस्कॉमनं लाईट घेतली तेव्हा.
इतक्या अदबीनं मला दिवसभरात
दुसरं कुणी काही विचारत नाही.

माझ्याकडे सात ब्राउझर आहेत.
एकानं भागतं, बायको सांगते, मलाही कळतं.
खरं काही माणसं घड्याळं ठेवतात, काही कबुतरं.
त्यातले तीन मेलेले. बनवणाऱ्यांनी हात वर केलेत.
कुठलंही पान उघडा, म्हणतात, हे सुरक्षित नाही.
आमचा थोरला चुलता शेवटी असाच झाला होता,
दारात कोण आलं तरी कडी काढायचा नाही.
महिन्यातून एकदा मी त्यांना उघडतो,
रिकाम्या पांढऱ्यावर बाण फिरवतो,
बंद करतो.

एक कन्नडमध्ये ठेवलाय, एक मराठीत.
पहिल्याला मी कुठं राहतो ते न सांगता कळलं,
दुसऱ्याला मी सांगितलं.
दोन्हीत एक शब्द मात्र तोच: इतिहास.
त्यावर दाबलं की विचारतात, पुसायचा?
गेला तास, गेला दिवस, की सगळा काळ?
आमच्या भागात
हा प्रश्न इतक्या सहज, चौकात उभं राहून
विचारून बघावा कुणी.

तिसऱ्या रेल्वे गेटजवळ जिन्नाप्पाचं पार्लर होतं,
अर्ध्या तासाला तीन रुपये, फुंकर मारून घातलेली कॅसेट.
शेजारच्या खुर्चीत गोकाकचा बसलिंग.
खड्डा आला की ओरडायचा, हारू! हारू!
मला वाटायचं, हा आधीच हरायला निघालाय.
सहा महिन्यांनी कळलं, हारू म्हणजे उडी मार.
तोवर आम्ही दोघांनी मिळून
किती गडी खड्ड्यात घातले, देव जाणे.

मोटारींच्या खेळात मी शर्यत कधी पुरी केली नाही.
उलट्या दिशेनं जायचो, नकाशा कुठं संपतो बघायला.
पुढं गवत दिसायचं, डोंगर, एक पवनचक्कीसुद्धा,
आणि गाडी हवेला धडकून
जागच्या जागी चाकं फिरवायची.
बसलिंग म्हणायचा, साक बिडो, पैसे चालले.

कार्टून सिनेमे मी जुनेच बघतो, हातानं काढलेले.
शर्वाणी आठवीत आहे, तिला ते सावकाश वाटतात.
तिला एक गोष्ट शिकवलीय:
कड्यावर शंभर दगड रंगवलेले असतात,
त्यातला एकच जरा फिका, कडेला काळी रेघ.
मागचं चित्र एकदाच रंगवतात,
हलायची वस्तू वेगळी, वरून ठेवलेली.
तो दगड पडणार.
आता ती माझ्याआधी बोट दाखवते.

हे कळल्याचा तोटा एवढाच
की कारखान्यातही दिसायला लागतं.
मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीत सातेरी डबा उघडत होता.
मागे भट्टीची भिंत, पत्रे, आम्ही पंधरा जण,
सगळे एका रंगाचे,
आणि तो एकटा जरा फिका.
मी काही बोललो नाही. काय बोलणार?
पंधरवड्यात त्याचं नाव पाळीच्या फळ्यावरून गेलं.
हुबळीला आहे म्हणतात, मेव्हण्याकडे.

एक वाजत आलाय.
आतून आवाज येतो, अजून काय बघूलालाय?
झोपा की.
सतरावं पान उघडायचं राहिलंय.
मॉनिटरच्या उजेडात माउसवरचा माझा हात
भिंतीच्या रंगाचा वाटत नाही,
टेबलाच्याही नाही.
मी बराच वेळ बघत राहतो,
हलवत नाही.

एवढ्यात हेस्कॉमनं लाईट घेतली.