घोडा सोडताना

कुपवाड एमआयडीसी. यार्डात पहाटेचे साडेचार.
दस्तगीरचाचा ट्रेलरच्या पत्र्यावर
चहाचा ग्लास ठेवतो, काठोकाठ.
"सांडला तर तूच पुसायचा."

मी घोडा मागे घेतो
आरशात बघत, नखानखानं.
ग्रीसनं माखलेल्या जबड्यात
किंगपिन शिरते. कट्ट.
चाचा वाकून खाली बॅटरी मारतो,
जणू दाढेतली कीड शोधतोय.
"आवाजावर जाऊ नगंस. बघ."
मग पुढं एक हिसका. धरलंय.
पाइप जोडले, पाय उचलले, यार्डाला एक फेरा.

चहा सांडलेला. पुसला.
चाचानं थर्मासातून ग्लास पुन्हा भरला.

"आता सोड."
ट्रेलरच्या पायांखाली फळकूट.
हँडल फिरव, फिरव,
पाय नुसते टेकेपर्यंत नाही,
भार घेईपर्यंत.
हवेचे पाइप सुस्कारत सुटले.
लिव्हर ओढली. वीतभर पुढं. थांबलो.
अजून वीतभर.
घोड्याची पाठ हळूच वर आली,
पोतं उतरलेल्या हमालासारखी.
ट्रेलर जागच्या जागी.

उतरून मागं गेलो.
ग्लास रिकामा.
पत्रा कोरडा.
बॅटरी तेवढी शेजारी, चालूच.
चाचा मिशी पुसत
मिरजेच्या रस्त्याला लागलेला.

त्याची आज शेवटची पाळी होती,
हे मला गेटवरच्या मुळीकनं सांगितलं.