दशा

पुंता अरेनासच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे
येर्का मातुलिच झेंडे सांधते.
मी आमच्या जहाजाचा घेऊन गेलो होतो.
जहाज पनामाचं, कागदावर.
पनामा आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही.

तिनं तो टेबलावर पसरला,
डॉक्टर पोट चाचपतो तसा चाचपला.
काठीकडची बाजू कोरी करकरीत,
सुटी बाजू वीतभर गेलेली.
"नेहमी असंच. बांधलेलं टोक म्हातारं होत नाही."
फाटकं ती कापते, दुमडते, दुहेरी टीप मारते,
दर खेपेला झेंडा चार बोटं आखूड.
कस्टमचा तर जवळजवळ चौकोन झालाय.
कुणाच्या लक्षात येत नाही. इथं माणसं
वाऱ्यात खाली मान घालून चालतात.

एका कप्तानानं हुकूम सोडला होता:
जड कापड लाव, शांत राहील.
लावलं. जड आधी उसळलं.
वजन एकदा कलंडलं की परतायला उशीर करतं,
तोवर वारा दुसऱ्या कुशीत शिरलेला असतो.

मग तिनं मला खिडकीशी ओढलं.
सामुद्रधुनीवर क्वचित पडते तशी हवा पडली होती.
बाहेरच्या खांबाला एक पिवळं फडकं,
खास बघण्यासाठी म्हणून बांधलेलं.
वारा आला. फडकं आडवं झालं,
इस्त्रीखाली घातल्यासारखं.
वारा वाढला. तसंच.
अजून वाढला.
तसंच, काठसुद्धा हलेना.
मी मनात म्हटलं, बाई उगाच वेळ घालवतेय,
आणि फाट्.
मधलं काही नाहीच. आत्ता रेघ होती, आत्ता साप.

"थांब, संपलं नाही."
वारा उतरला. मघाशी ज्यात ते निजलं होतं
तेवढाच उरला.
फडकं निजलं नाही.

"बावीस वर्षं," सुईत दोरा ओवत ती म्हणाली,
"अन्सेल्मोच्या घरात मी सपाट होते.
निघाले तेव्हा जो तो विचारी, आज काय बोलला?
कालचंच बोलला होता. सूप खारट आहे.
नंतर आवाज उतरवला त्यानं, बहिणीला पाठवलं,
पहिल्यासारखं वागेन म्हणाला."
दोरा दातानं तोडला.
"वागलाही असता."

टेबलावर सुटे धागे पडले होते, निळे, तांबडे.
मी सांगितलं, आमच्याकडे यांना दशा म्हणतात,
विणायचे राहून गेलेले, कापडाच्या टोकाला लोंबणारे;
आणि माणसाचं काय होऊन बसलंय
त्यालाही हाच शब्द.
माझं स्पॅनिश तीन बंदरांपुरतं,
तिला किती पोचलं कोण जाणे.
"दाशा?" ती हसली. "माझ्या आत्याचं नाव.
भयंकर भांडखोर."
आणि धागे गोळा करून बिस्किटाच्या डब्यात टाकले,
जिथं सगळ्या देशांचा एकच गुंता होता.

संध्याकाळी दोर सोडले.
मी मागच्या डेकवर उभा,
झेंडा चार बोटं आखूड, टीप पांढरी, ताजी.
वारा होता.
कापड आडवं, गप्प.
मुख्य इंजिनियर दोनदा हाक मारून गेला.
मी हललो नाही.